चिचुंद्री उंदीर नव्हे

(इचलकरंजीच्या रात्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज धडा वाचायचा नाही. पाटी-पेन्सिल बाजूला ठेवा. आज नुसते ऐकायचे. मागल्या मंगळवारी या वर्गात जे झालं, त्याविषयीच मी बोलणार आहे.

काय झालं होतं, ते आठवतं ना? मी फळ्यावर 'घर' हा शब्द लिहीत होतो. तेवढ्यात मागच्या भिंतीच्या कडेनं एक करडं जनावर ची-ची करत पळालं. बायका उठून उभ्या राहिल्या. "उंदीर! उंदीर!" असा एकच गलका झाला. आपल्या एका दादांनी पायातलं पायताण काढलं आणि नेम धरून मारलं. नेम चुकला. जनावर दाराखालच्या फटीतून बाहेर गेलं. मागं नुसता वास राहिला. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "उंदीर कशाचा? वास बघा की. चिचुंद्री हाय ती."

दादा म्हणाले, "उंदीर काय आन् चिचुंद्री काय, जात एकच."

मी त्या दिवशी बोललो नाही. वर्ग सुटायची वेळ झाली होती. पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं. कारण आपण सगळेच तसं समजतो. मीही पुष्कळ वर्षं तसंच समजत होतो.

तर दादा, जात एक नाही. चिचुंद्री उंदराची कुणीच लागत नाही. आपल्या जुन्या वैद्यकात सुश्रुतांनी उंदरांचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत चिचुंद्रीलाही बसवलं आहे. तेव्हा ही चूक आजची नाही. ती थोरामोठ्यांचीही झाली आहे. दिसायला ती उंदरासारखी, राहायला उंदराच्या शेजारी. मग माणूस फसणारच.

आता ओळखायचं कसं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे नाक बघा. उंदराचं तोंड आखूड असतं. चिचुंद्रीचं तोंड पुढं सोंडेसारखं निमुळतं गेलेलं असतं. ते सारखं हलत असतं. ती वास घेत घेत चालते. डोळे मोहरीएवढे, असून नसल्यासारखे. उंदराचे डोळे कसे टपोरे, चमकदार असतात! चिचुंद्रीला दिसतं फार थोडं. म्हणून ती खोलीच्या मधून कधी पळत नाही. भिंतीला अंग घासत, कडेकडेनं जाते. आंधळा माणूस भिंत धरून चालतो, तसं.

मुंबईत जन्मलेले एक इंग्रज लेखक होऊन गेले, रुडयार्ड किपलिंग. त्यांनी १८९४ साली जंगलातल्या प्राण्यांच्या गोष्टींचं पुस्तक छापलं. त्यात मुंगसाच्या गोष्टीत एक चिचुंद्री आहे. ती रात्रभर भिंतीकडेनं रडत फिरते. खोलीच्या मधोमध जायचा धीर तिला कधीच होत नाही. साहेबानं चिचुंद्री नीट पाहिली होती म्हणायची.

शेपूटही वेगळं असतं. उंदराचं शेपूट लांब आणि उघडंबोडकं. चिचुंद्रीचं आखूड, बुडाशी जाड, आणि त्यावर अधूनमधून लांब केस. अंग बोटभर ते वीतभर. वजन फार तर एखाद्या मोठ्या लिंबाएवढं. आणि वास! तो तर सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या दोन्ही कुशींना गाठी असतात. त्यांतून तो उग्र वास सुटतो.

पण खरा फरक तोंडाच्या आत आहे. उंदराला पुढं वर दोन आणि खाली दोन असे पटाशीसारखे दात असतात. ते जन्मभर वाढत राहतात. म्हणून तो सारखा कुरतडत असतो. लाकूड कुरतडतो, पोतं कुरतडतो, विजेची वायर कुरतडतो. कुरतडलं नाही तर त्याचे दात वाढून तोंडच बंद होईल. चिचुंद्रीचे दात तसे नाहीत. ते बारीक आणि टोकदार असतात, एखाद्या छोट्या करवतीसारखे. ते मांस फाडायला आणि किड्यांची कवचं फोडायला केलेले आहेत. तिला पोतं फोडता येत नाही. घरात ज्वारीचं पोतं फुटलं असेल, तर ते उंदराचं नाहीतर घुशीचं काम. चिचुंद्रीवर तो आळ घालू नका.

नात्याचं सांगतो, म्हणजे तुम्हाला हसू येईल. प्राण्यांचा अभ्यास करणारे लोक आता रक्ताची तपासणी करून कोण कुणाचा भाऊबंद ते सांगतात. त्यांच्या हिशेबानं उंदीर हा मांजरापेक्षा माणसाला जवळचा आहे. आणि चिचुंद्री उंदरापेक्षा मांजराला, वटवाघळाला, इतकंच काय, आपल्या गोठ्यातल्या म्हशीलाही जवळची आहे. म्हणजे पायताण मारणारा आणि उंदीर हे एका बाजूला, आणि चिचुंद्री दुसऱ्या बाजूला!

(इथं सगळे हसले. दादाही हसले.)

आता ती खाते काय? ती शिकारी आहे. आकारानं लहान म्हणून कुणी तसं म्हणत नाही, एवढंच. झुरळं, रातकिडे, नाकतोडे, गांडुळं, किड्यांच्या अळ्या हे तिचं अन्न. सापडलं तर उंदराचं लहान पिलूही ती मारते. स्वयंपाकघरात मासळीचं डोकं, मटणाचं हाडूक किंवा तळणाचा तुकडा पडला असेल, तर तेही खाते. फुकटचं कुणाला नको?

आणि तिला भूक फार. लहान अंगाच्या प्राण्याचं असंच असतं. मोठ्या चुलीवरचा हंडा तापला की बराच वेळ गरम राहतो. वाटीभर पाणी मात्र लगेच गार होतं. चिचुंद्रीचं अंग म्हणजे ती वाटी. ते ऊबदार ठेवायचं तर आत सारखा जाळ घालावा लागतो. जाळ म्हणजे अन्न. थोडे तास उपाशी राहिली तरी तिचा जीव जाऊ शकतो. तिच्याच नात्यातला एक प्राणी आपल्या देशात आहे. त्याचं वजन जेमतेम दोन ग्रॅम. जगातल्या सस्तन प्राण्यांत सगळ्यांत हलका तोच. त्याचं काळीज एका मिनिटात हजाराहून जास्त वेळा धडधडतं. तुमच्या मनगटाला हात लावून बघा. सत्तर-ऐंशीच्या वर ठोके लागायचे नाहीत.

म्हणून चिचुंद्री रात्रभर हिंडते. विश्रांती थोडी, आणि पुन्हा शिकार.

आपल्या गावात तिला शिकार कुठं मिळते? ते रात्रपाळीवाल्यांनी सांगावं. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून हे गाव मागांचं झालं. माग आले, तशी सुताला लावायची खळ आली. खळ म्हणजे पिठूळ पदार्थ. झुरळाला ती फार आवडते. सुताच्या पेट्यांमागं, कांड्यांच्या खोक्यांखाली, दिव्याच्या खटक्यामागं झुरळं जमतात. आणि झुरळं जमली की त्यांच्या मागं चिचुंद्री येते. मागाचा खडखडाट एवढा, की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तरी ती येते. माझे वडील माग चालवायचे. ते म्हणायचे, "रात्री तीन वाजता कारखान्यात आम्ही दोघंच जागं असतो, मी आणि चिचुंद्री." बाकीचे कामगार डुलक्या घेत असत, असं त्यांना म्हणायचं होतं!

आता एक गोष्ट सांगतो. ही ऐकीव नाही. माझ्या डोळ्यांदेखत झालेली आहे.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आमचं घर नदीच्या बाजूला होतं. पावसाळा होता. पंचगंगेचं पाणी चढलं होतं. पाणी चढलं की नदीकाठच्या बिळांतली जनावरं वर गावात येतात. साप येतात, विंचू येतात, उंदीर येतात. घरातली मोठी माणसं रात्री काठी उशाशी घेऊन झोपायची. त्या रात्री दिवे गेले होते. आई कंदील घेऊन मोरीकडं गेली आणि ओरडली, "साप! साप!"

माझे चुलते धावले. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मीही मागून गेलो. कंदिलाच्या उजेडात मोरीच्या कडेनं काहीतरी लांब, काळपट, वळवळत चाललं होतं. हातभर तरी लांब होतं. पुढं जाड, मागं बारीक. सापच वाटत होता. आप्पांनी काठी घातली. एकदाच घातली. ती पुढच्या भागावर बसली.

आणि मग तो साप तुटला. त्याचे पाच तुकडे झाले. पण काठीनं नव्हे. तुकडे हलत होते.

आईनं कंदील खाली धरला. पुढं पडलेली ती चिचुंद्री होती. मागं तिची चार पिलं. पहिल्या पिलानं आईच्या शेपटाच्या बुडाशी दातांनी धरलं होतं. दुसऱ्यानं पहिल्याला, तिसऱ्यानं दुसऱ्याला, चौथ्यानं तिसऱ्याला. आगगाडीच्या डब्यांसारखी सगळी एकामागं एक जोडलेली. काठीच्या दणक्यानं डबे सुटले होते. आई हलत नव्हती. पिलं मात्र थोड्या वेळानं पुन्हा चाचपडत जवळ आली. पहिल्यानं पुन्हा तिच्या शेपटाशी तोंड लावलं. बाकीच्यांनी आपापली जागा धरली. आणि ती तशीच थांबली. गाडी सुटायची वाट बघत.

आप्पा बोलले नाहीत. आई म्हणाली, "अवं भावोजी, काय केलंसा हे!" पण तीच साप म्हणून ओरडली होती. त्यामुळं तिनं पुढं काही म्हटलं नाही. पिलं आम्ही सुपात घेतली. मी त्यांना दूध पाजायचा प्रयत्न केला. बोळ्यानं पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही राहिलं नाही. मघाशी मी वाटीचं सांगितलं ना, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढं शाळेत शिकवायला लागल्यावर मी या जनावराबद्दल वाचलं. मग कळलं, की पिलांना घेऊन जागा बदलायची चिचुंद्रीची ही रीतच आहे. मादीला महिनाभर दिवस राहतात. दोन-चार पिलं होतात. जन्मतात तेव्हा ती उघडी, आंधळी असतात. कागदाचे कपटे, चिंध्या, पाला जमवून ती घरटं करते. पिलं थोडी मोठी झाली, आणि घरट्याला धोका वाटला, की आई पाठ करून उभी राहते. पिलं तिला धरतात. ओळ लागते. मग ती अंधारात चालू लागते. पकड एवढी घट्ट, की आईला वर उचललं तरी सगळी माळ लोंबत राहते. आमच्या मोरीतली चिचुंद्री पुराच्या पाण्यातून पिलं घेऊन वर आली होती, एवढंच.

काही जाणकार म्हणतात, की ती ओळ सापासारखी दिसते, म्हणून शत्रू जवळ येत नाही. असेलही. पण ज्याच्या हातात काठी आहे, तो शत्रू त्यामुळंच जवळ येतो.

गेल्या आठवड्यात घरी ही गोष्ट सांगत होतो. माझ्या नातीनं विचारलं, "आजोबा, तिला कांगारूसारखी पिशवी असती, तर पिलं पडली नसती ना?" प्रश्न चांगला होता. चिचुंद्रीला पिशवी नाही. आपल्या देशात पिशवीवाला प्राणीच नाही. तो मुलूख निराळा. दूर दक्षिणेला ऑस्ट्रेलिया नावाचा मोठा देश आहे. तिथं पुष्कळ रानटी जनावरं पिशवीवाली. कांगारू सगळ्यांना माहीत आहे. पण तिथं चिचुंद्रीएवढे, चिचुंद्रीसारखेच दिसणारे छोटे मांसाहारी प्राणीही आहेत. एकाचं नाव अँटेकायनस. नाव जड आहे, लक्षात ठेवू नका. त्याचंही तोंड निमुळतं, दात टोकदार. तोही रात्री हिंडतो, किडे खातो. आपल्या चिचुंद्रीशी त्याचं रक्ताचं नातं फार फार लांबचं. पण काम एकच, म्हणून रूप एकसारखं झालं. दोन गावचे दोन कुंभार एकमेकांना ओळखत नसतात. तरी घागर दोघांची गोलच होते, कारण तिच्यात पाणीच भरायचं असतं.

त्या प्राण्याचं पिलू तांदळाच्या दाण्याएवढं जन्मतं. आईच्या पोटाखाली कातडीची घडी असते. तिथं ते आचळाला चिकटून राहतं आणि तिथंच वाढतं. त्याच्या नराची कथा तर विलक्षण आहे. वर्षातून एकदा दोन-तीन आठवड्यांचा विणीचा हंगाम येतो. तेवढ्या दिवसांत नर इतके झिजतात, की हंगाम सरला की एकूण एक नर मरून जातात. वय पुरतं एक वर्षाचंही नसतं. पिलं जन्मतात, तेव्हा एकाचाही बाप जिवंत नसतो. आमच्या चिचुंद्रीचं तसं नाही. तिला दीड-दोन वर्षांचं आयुष्य मिळतं, कुणी पायताण मारलं नाही तर.

जाता जाता एक गंमत. आपल्या घुशीला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात. तो शब्द तेलुगू भाषेतून गेला. तेलुगूत त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर. गोरे लोक ऑस्ट्रेलियात गेले. तिथं त्यांना पिशवीवाला एक प्राणी घुशीसारखा दिसला. त्यालाही त्यांनी तेच नाव दिलं. आजही तो बँडिकूटच. म्हणजे ओळखण्यात चूक आपलीच होते असं नाही.

आता वासाबद्दल बोलू. चिचुंद्रीच्या वासाला आपण नावं ठेवतो. पण तो वास हीच तिची ढाल आहे. मांजर तिला पकडतं, मारतं, आणि वास आला की तिथंच टाकून जातं. दारात मेलेली चिचुंद्री दिसली, तर बहुतेक वेळा ते मांजराचं काम असतं. घुबडाला मात्र वासाचं काही वाटत नाही. ते तिला अख्खी गिळतं. मग हाडं आणि केस यांची गुठळी करून ओकून टाकतं. जुन्या वाड्यात घुबड बसत असेल, तर त्याच्या जागेखाली अशा गुठळ्या सापडतात. त्या फोडल्या तर चिचुंद्रीच्या कवट्या मिळतात.

त्या वासावरून लोकांनी नाना समजुती केल्या. इंग्रज साहेबांची एक समजूत होती. बुच लावलेल्या बंद बाटलीवरून नुसती चिचुंद्री गेली, तरी आतली दारू बिघडते, असं ते म्हणत. जर्डन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १८६७ साली हिंदुस्थानातल्या प्राण्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांना ही गोष्ट पटली नाही. त्यांनी पाहिलं, की विलायतेतून भरून आलेल्या बाटल्यांना वास लागत नाही. इथं भरलेल्यांनाच लागतो. म्हणजे दोष बुचाचा. बाटलीत बसण्याआधी बुचं उघडी पडलेली असत, आणि चिचुंद्री त्यांवरून गेलेली असे. काचेतून वास कसा जाईल? साहेब लोक शिकलेले होते, तरी एवढं कुणी तपासलं नव्हतं. चीनकडच्या मुलखात मात्र उलट आहे. तिथं तिच्या ची-ची आवाजाला नाण्यांचा खुळखुळाट समजतात. तिला पैशाचा उंदीर म्हणतात. ती घरात आली तर पैसा येतो म्हणे. तो येत असता, तर आपल्या गावात कुणालाच रात्रपाळी करावी लागली नसती.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, मास्तर चिचुंद्रीची वकिलीच करायला उभे आहेत. तसं नाही. दुसरी बाजूही सांगायला पाहिजे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढं तो देशावर गावोगाव पसरला. घरात उंदीर मरून पडला, की लोक घर सोडून माळावर खोपटी घालून राहायचे. म्हाताऱ्या माणसांनी त्या गोष्टी आपल्या आजी-आजोबांकडून ऐकल्या असतील. प्लेग पसरतो तो पिसवांमुळं. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरची पिसू दुसरं गरम अंग शोधते. तशाच पिसवा चिचुंद्रीच्या अंगावरही सापडल्या आहेत. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा प्लेगचे रोगी सापडले होते. तेव्हा ही गोष्ट अगदी जुनीपुराणी समजू नका. शिवाय पावसाळ्यात लेप्टो नावाचा ताप येतो. तो उंदरांच्या मुतानं पसरतो. चिचुंद्रीतही त्याचे जंतू असू शकतात. पुराचं पाणी घरात येऊन गेल्यावर हे जास्त जपावं लागतं. आणि काही बेटांवर ती बोटींतून गेली, तिथं तर तिनं उपद्रवच केला. ग्वाम नावाच्या बेटावर ती १९५३ साली प्रथम दिसली. तिथल्या पाली-सरड्यांना तिची सवय नव्हती. त्यांच्यावर तिनं चांगलाच हात मारला.

म्हणून चिचुंद्री पाळायची नाही. हातात घ्यायची नाही. ती चावते, आणि दात बारीक असले तरी रक्त निघतं. चावलीच तर जखम साबणानं धुवा आणि दवाखान्यात दाखवा. मेलेली सापडली तर हात न लावता, फावड्यानं किंवा कागदानं उचला. तिनं तोंड घातलेलं अन्न टाकून द्या.

मग ती घरात आली तर करायचं काय? बाहेरचं दार उघडा. दिवा राहू द्या. ती ज्या भिंतीला लागून असेल, त्या भिंतीकडची वाट मोकळी करा आणि बाजूला व्हा. ती भिंत धरून चालते. दार आलं की बाहेर पडते. मागून हाकायची असेल तर केरसुणी जमिनीवर आपटली तरी पुरे. कायमची नको असेल, तर मोरीच्या भोकाला जाळी बसवा. रात्री खरकटी भांडी तशीच ठेवू नका. आणि झुरळं कमी करा. झुरळं नसतील तर ती कशाला येईल? पिंजऱ्यात उंदरासाठी भजं किंवा सुका बोंबील लावला, की पुष्कळदा चिचुंद्रीच अडकते. तशी अडकली तर सकाळपर्यंत वाट बघू नका. उपाशी मरेल. लांब कुठंतरी कुंपणापाशी सोडून द्या.

आता विषाबद्दल. हे मात्र कान देऊन ऐका, विशेषतः ज्यांच्या घरात रांगती मुलं आहेत त्यांनी.

मागल्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर एक वहिनी मला म्हणाल्या, "मास्तर, उद्या औषध आणून टाकतेच. एकदाच झंझट मिटंल." औषध म्हणजे ती काळी पूड. तिचं नाव झिंक फॉस्फाइड. कणकेत कालवून, तेल लावून तिच्या गोळ्या ठेवतात. ती पोटात गेली की तिचा विषारी वायू होतो. उंदीर तिनं मरतो, कारण उंदराला उलटी करताच येत नाही. गिळलेलं बाहेर टाकायची सोयच त्याच्या अंगात नाही. माणसाच्या पोटात ते विष गेलं, तर त्यावर खास असा उतारा औषध अजून कुठंच मिळत नाही. डॉक्टर आपल्याकडून शिकस्त करतात, पण विष मारणारं औषध नाही. कणकेची गोळी मुलाला खाऊच वाटते. कोंबडीलाही वाटते, कुत्र्यालाही वाटते. कुणी चुकून खाल्लीच, तर घरी मीठ-पाणी पाजत बसू नका. पुडीसकट तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

उलटीवरून आठवलं. चिचुंद्रीला उलटी होते. एस.टी.त बसल्यावर आपल्यातल्या काहींना जसं मळमळतं, तसं तिला हेलकाव्यानं मळमळतं. ही गोष्ट जपानमधल्या संशोधकांनी हेरली. १९८७ साली त्यांनी ती छापली. उलटी थांबवणारं औषध तपासायचं, तर उंदराचा उपयोग नाही. त्याला उलटीच होत नाही. म्हणून त्यांनी चिचुंद्री घेतली. कॅन्सरच्या रोग्याला औषध देतात, तेव्हा त्याला फार उलट्या होतात. त्या थांबवणाऱ्या औषधांच्या चाचण्या चिचुंद्रीवर झाल्या आहेत. तुमच्या-माझ्या घरातलं कुणी त्या दुखण्यात असेल, तर त्याच्या दोन घास पोटात राहण्यामागं या जनावराचाही थोडा हात आहे. पण उलटी होते म्हणून ती विषातून वाचते, असं समजू नका. ती मरते. भिंतीच्या पोकळीत जाऊन मरते, आणि मग आठ दिवस तिचा वास घरभर. जिवंतपणीचा वास बरा म्हणायची पाळी येते.

वहिनींनी औषध आणलं नाही. त्यांनी आज मला सांगितलं, की मोरीला जाळी लावली आणि धान्याला झाकणाचा पत्र्याचा डबा घेतला. त्यांच्या घरात पोतं फुटलेलं होतं, म्हणजे उंदीरही होतेच. डब्यामुळं त्यांचीही पंचाईत झाली असणार.

दादांनी आत्ता मधेच हात वर केला. विचारा की दादा.

दादा विचारतात, "मास्तर, त्या दिवशी माझं पायताण लागलं असतं तर?"

लागलं असतं तर ती मेली असती. तिच्या मागं माळ होती का, ते त्या पळापळीत कुणी बघितलं नाही. मीही नाही. मी तर फळ्याकडं तोंड करून उभा होतो. काल संध्याकाळी मी जरा लवकर आलो आणि मागच्या भिंतीशी बघितलं. कपाटामागं कागदाचे कपटे आणि कापसाच्या सुताचा गुंडा आहे. आत काय आहे ते मी हात घालून पाहिलं नाही. तुम्हीही पाहू नका. महिन्याभरात ती आपणच जातील. तोवर कपाट हलवायचं नाही, एवढं मी शिपायाला सांगून ठेवलं आहे.

आता साडेनऊ झाले. रात्रपाळीवाल्यांनी निघावं. बाकीच्यांनी बसा, 'घर' शब्द अर्धा राहिला आहे, तो पुरा करू.